आधी तू सांग

न्हावीदादा दगडालाही बोलतं करतील, असं त्यांची गिऱ्हाइकं म्हणत. मानेभोवती कापड गुंडाळलं, की जावयाचा राग, साहेबाची तक्रार, गुडघ्याचं दुखणं, सगळं भडाभडा बाहेर पडायचं. आणि अशा बहाद्दराची सहा वर्षांची लेक, जिला सगळे मिरी म्हणत, शाळा सुरू झाल्यापासून मिठाची गुळणी धरून बसली होती!

तिची आई दवाखान्यात नर्स. ती संध्याकाळी परतायची, म्हणून पोरीला शाळेतून आणायचं काम बापाकडे. फाटकापासून दुकानापर्यंत नुसती प्रश्नांची सरबत्ती चालायची.

"आज काय केलं?"

"काही नाही."

"डबा संपवला? कोणी मारलं का? बाई ओरडल्या का?"

"काही नाही म्हटलं ना, बाबा!"

पोरीला तिथे काहीतरी सलत असेल आणि आपल्याला पत्ताच नसेल, या धास्तीने त्याला जेवण गोड लागेना. जगाची गुपितं पोटात घेऊन हिंडणारा माणूस, पण घरच्या चिमुरडीपुढे त्याची डाळ शिजेना.

एका दुपारी पोस्टमनकाका खुर्चीत बसले होते. गालभर फेस लावून झाला होता. शेजारच्या खुर्चीच्या हातांवर लहान मुलांसाठीची फळी टाकलेली होती, तिच्यावर मिरी पाय हलवत बसली होती. बापाने तोंड उघडायच्या आत तिने आरशातूनच, थेट त्याच्या सुरात विचारलं,

"काय बाबा, आज काय केलं दुकानात? डबा संपवला? कोणी ओरडलं का?"

"काही ना..." म्हणता म्हणता न्हाव्याची जीभ अडखळली. च्यायला, हे तर तिचंच उत्तर! त्याने वस्तरा खाली ठेवला.

"ओरडलं की. सकाळी एका मास्तरांची मिशी उजवीकडे जरा जास्त उडाली. म्हणून डावी कापली. मग डावी जास्त झाली. असं करता करता मिशीच संपली."

मिरीचे पाय थांबले. "सगळी?"

"सगळी. मास्तर आधी आरशात बघतच राहिले, मग जे ओरडले!"

पोस्टमनकाका असे हसले की फेसाचा गोळा आरशावर उडाला. मिरी मात्र हसली नाही.

"बाबा, तुला रडू आलं?"

"आलं थोडंसं."

"मला पण आलं होतं. पहिल्या दिवशी." ती आरशातल्या बापाशीच बोलत होती. "पाणी पिऊन आले आणि चुकून मोठ्यांच्या वर्गात जाऊन बसले. मग उठायची लाज वाटली. त्यांच्या बाई म्हणाल्या, ही नवी दिसते. सगळे हसले."

"मग?" हे पोस्टमनकाकांनी विचारलं.

मग काय, बांधच फुटला. कुणाचा दात पडला, कुणाच्या बुटांचा कुईकुई आवाज येतो, बाकावरची मैत्रीण खोडरबर कशी हुंगते, सगळं. न्हावी एकही प्रश्न न विचारता ऐकत राहिला. काकांच्या गालावरचा फेस वाळून पापड झाला, तरी कुणाला त्याचं भान नव्हतं. न्हाव्याला इतकं हलकं वाटलं, की त्या दाढीचे पैसे त्याने घेतलेच नाहीत.

संध्याकाळी आई दमून घरी आली. पिशवी ठेवता ठेवता तिने सवयीने विचारलं, "काय गं, आज शाळेत काय झालं?"

न्हाव्याने श्वास रोखला.

मिरीने आईला हाताला धरून खाली बसवलं, तिच्यासमोर मांडी ठोकून बसली आणि म्हणाली, "आधी तू सांग."