ती स्वतः थांबली

पहूरजवळच्या शेतातील त्या भरीत-पार्टीविषयी आमच्या नातेवाइकांत तीन कथा प्रचलित आहेत. तिन्ही खोट्या आहेत. माझा मेहुणा सांगतो की मी मुलीचा हात धरून तिला परत आणले. माझी पत्नी सांगते की मी जन्मात प्रथमच हार मानली. तिसरी कथा मेहुण्याच्या बायकोची. तिच्या मते सारे श्रेय तिच्या भरताचे. धुळ्याच्या न्यायालयात आयुष्यभर वकिली केलेल्या माणसाला निदान आपली बाजू मांडू द्यावी.

आमची मुलगी जळगावला एकटी राहते, नोकरी करते. तिला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर असल्याचे निदान झाले आहे. आपल्याला कोणी टाकले, अशी शंका आली की ती समोरच्याला आधी टाकून मोकळी होत असे. फोन उचलायला उशीर झाला, तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे नंबर बंद. अशाच एका अबोल्यात ती दवाखान्यात पोहोचली होती. त्याविषयी मी विनोद करणार नाही. तेव्हापासून तिचे पाठ फिरवणे म्हणजे आमच्या काळजात धस्स.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी तिला जुनी वाट सोडून नवी धरायला शिकवले: लाट आली की निर्णय घ्यायचा नाही, तोंडावर गार पाणी मारायचे, मग सरळ प्रश्न विचारायचा. इथवर ठीक. पण बाईंनी आम्हालाही वर्गात बसवले. पत्नीने रडत मागे धावायचे नाही. आणि मी? "आबा, तुम्ही वाद घालायचा नाही. तिला काय वाटले, ते आधी बोलून दाखवायचे." प्रतिपक्षाचे म्हणणे मीच मांडायचे! माझ्या उमेदीच्या काळात असा सल्ला देणाऱ्या ज्युनिअरला मी घरी पाठवले असते.

आता प्रसंग. दर हिवाळ्यात मेहुण्याच्या केळीच्या बागेत कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजतात, आणि ती लाकडी बडगीत ठेचण्याचा मान लहानपणापासून आमच्या मुलीचा. त्या दिवशी तिची बस रखडली. भाजलेले वांगे कोणासाठी थांबत नाही. ते गरम असतानाच ठेचावे लागते. तिच्या मामीने, म्हणजे मेहुण्याच्या बायकोने, मुसळी हाती घेतली. नेमकी तेव्हाच मुलगी बांधावर उगवली.

तिने बडगीकडे पाहिले. "छान. म्हणजे माझ्यावाचून अडत नाहीच कुणाचं."

आणि ती वळली.

पत्नी उठू लागली. मी तिचा पदर धरून तिला बसवले. हात धरल्याची जी कथा आहे, तिचे मूळ हे. माझ्या जिभेवर तीन बिनतोड मुद्दे तयार होते, पहिलाच बसच्या वेळापत्रकाचा. मी ते गिळले. इतके तिखट मी त्या दिवशीच्या भरतातही खाल्ले नाही.

मुलगी रस्त्याकडे गेली नाही. विहिरीजवळच्या हौदापाशी थांबली आणि तिने सरळ तोंड पाण्यात बुडवले. मेहुणा कुजबुजला, "भाऊजी, हे काय?"

"औषध," मी म्हणालो. "गप्प बसा."

ती परत आली तेव्हा केसांतून पाणी गळत होते. "मला विचारायचंय. माझ्यासाठी का नाही थांबलात?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "आपली जागा दुसऱ्याला दिली, असं वाटलं असेल तुला. बस रखडली, त्यात तुझा दोष नव्हता."

हीच ती तथाकथित हार. प्रतिपक्षाला काय वाटले हे नोंदवणे म्हणजे दावा कबूल करणे नव्हे, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

मामी मूळची धुळ्याकडची. ती मुसळी पुढे करत अहिराणीत म्हणाली, "घे वं माय, मना हात दुखी ऱ्हायनात. अर्धी वांगी बाकी शेतस."

मुलीने मुसळी घेतली आणि म्हणाली, "राग गेलेला नाहीये माझा. पण ठेचते. आणि जेवून जाईन."

तिने ठेचले, असे ठेचले की मेहुण्याला बडगीची काळजी वाटू लागली. मग हिरव्या मिरच्या किती, यावरून माझ्याशी कडाडून भांडली आणि भांडण संपेपर्यंत पंगतीत बसून राहिली. यापूर्वी तिचे एकही भांडण शेवटापर्यंत पोहोचले नव्हते. ती मध्येच उठून जायची. मी जाणूनबुजून ते लांबवले, असे पत्नी म्हणते. या एका आरोपावर मी मौन पाळतो.

तेव्हा नोंद दुरुस्त करावी. तिला मी आणले नाही, भरताने आणले नाही, कोणाच्या अश्रूंनीही आणले नाही. बांधापासून हौदापर्यंत आणि हौदापासून आमच्यापर्यंत ती स्वतःच्या पायांनी आली. त्या श्रेयात वाटा मागणाऱ्या प्रत्येकाशी, स्वतःच्या बायकोशीसुद्धा, मी भांडणार आहे.

संध्याकाळी जळगावला पोहोचल्यावर तिचा संदेश आला: "पोहोचले. अर्धा राग शिल्लक आहे. उद्या फोन करते."

'अर्धा' या मोजमापाला माझी हरकत होती. ती मी नोंदवली नाही. "वाट पाहतो," एवढेच लिहिले.