तीन महिन्यांची ठेव

माझ्या धाकट्या भावाला त्याच्या ऑफिसात सगळे 'तूर्तास' म्हणतात. तोंडावर नाही, मागून. पण त्याला ठाऊक आहे आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. त्याला कशाचंच काही वाटत नाही, तीच तर रड आहे. चहा घेणार का विचारा, "तूर्तास नको." पाऊस येईल का विचारा, "तूर्तास तरी चिन्ह नाही." उभी हयात लोकांच्या पैशाचं पुढे काय होणार हे लिहून पोट भरणाऱ्या माणसाच्या जिभेला दुसरं वळण लागणार तरी कसं म्हणा!

गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या एका कंपनीत तो आहे. दर तीन महिन्यांनी तिथून 'पुढचा अंदाज' नावाचं आठ-दहा पानांचं चोपडं निघतं, ते हाच लिहितो. कुठल्या देशातले शेअर चढतील, रोखे घ्यावेत का, सोनं राखावं का विकावं, असलं सगळं. तिथल्या जुन्या मोठ्या साहेबांनी एक नियम घालून दिला होता: छापायच्या आधी घरातल्या एका माणसाला सगळं वाचून दाखवायचं. त्याला कळलं नाही, तर पुन्हा लिहायचं. साहेब कधीच गेले, नियम तेवढा राहिला.

भाऊ बायकोला वाचून दाखवायचा. माझी भावजय शिवणाचे क्लास घ्यायची. तिचे पाय मशीनवर, तोंडात टाचण्या, आणि हा समोर स्टुलावर बसून जगाची उलाढाल सांगतोय! वाचून झालं की विचारायचा, "कळलं का?" ती एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या गादीत खोचायची आणि म्हणायची, "कळलं. पण आपलं काय?" मग दोघं हसायची. त्या प्रश्नावर घरचे पैसे कुठे ठेवायचे ते ठरायचं. मी पाहुणी म्हणून यायचे तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलंय.

दोन वर्षांपूर्वी कापड बेतता बेतता ती कोसळली. मेंदूत रक्तस्राव. शुद्ध आली, वाचा काही आली नाही. डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं, "तीन महिने धरून चला." मी शेजारीच उभी होते. त्याने मान डोलावली. कुणी दुकानाची वेळ सांगावी तशी त्याने ती गोष्ट ऐकून घेतली. मला तेव्हा त्याचा इतका राग आला होता!

क्लासची खोली त्याने विकली, पैसे बँकेत ठेवले, आणि त्याच्या व्याजावर तिला एका शुश्रूषागृहात ठेवलं. पगारातून हॉस्पिटलचे हप्ते जातात, त्यामुळे तिचं सगळं त्या ठेवीवरच. तिथे तिला खिडकीची खोली आहे. समोर शाळेचं मैदान. पोरांचा दंगा सुरू झाला की तिची मान तिकडे वळते, आणि बोटं चादरीची कड धरून दुमडत राहतात, शिवायच्या कापडाला दुमड घालायची असल्यासारखी. एवढंच तिचं उरलंय. पण तेवढं आहे, आणि ते त्या खिडकीपाशीच आहे. मधे रंगकाम होतं म्हणून आठवडाभर तिला मोठ्या हॉलमध्ये ठेवलं, तर पापणीसुद्धा हलली नव्हती.

मी एकटीच होते, भावाकडे राहायला आले. 'पुढचा अंदाज' ऐकायचं काम मग माझ्याकडे लागलं. मी मटार सोलत बसते, तो वाचतो. भावजयीसारखं नाही मला जमत. मी "हे काय आता? नीट सांग की!" म्हणून खेकसते, तो मुकाट्याने खोडतो. तीन महिने कधीच उलटून गेले होते. ती होतीच. भाऊ दर रविवारी जायचा, खुर्चीत बसायचा, घड्याळ बघून उठायचा. डोळ्यांत टिपूस नाही. तिच्याशी एक शब्द नाही.

गेल्या वर्षीचं एक वाचन मला लख्ख आठवतं. भाऊ वाचत होता: महागाई ओसरते आहे, मोठ्या देशांच्या बँका आता व्याजदर उतरवायला लागतील. दर उतरले की जुने, जास्त व्याजाचे रोखे भाव खातील. शेअरबाजाराचं मात्र दर का उतरतात त्यावर आहे. महागाई निवळली म्हणून उतरले तर चांगलं, कामधंदे बसले म्हणून उतरले तर कठीण. आणि शेवटी: आज आखूड मुदतीच्या ठेवीला लांब मुदतीपेक्षा जास्त व्याज मिळतंय, त्याला भुलू नका, दर उतरले की आधी तेच उतरेल. लांबची गाठ आत्ताच मारून घ्या.

"कळलं का, ताई?"

"कळलं. लग्नसराईच्या आधी हॉल धरून ठेवावा, तसं."

त्याने ते तसंच्या तसं लिहून घेतलं, छापलंही. मला कोण अभिमान!

झालंही तसंच. दर उतरले. चपराशापासून डॉक्टरांपर्यंत लोकांचे फोन आले, तुमच्यामुळे वाचलो म्हणून. हा म्हणाला, "बरं झालं," आणि फोन ठेवला.

आणि मग शुश्रूषागृहाच्या मॅनेजरबाई एक दिवस मला म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून तुमच्या पेशंटना हॉलमध्ये हलवायचंय ना? साहेब म्हणून गेलेत, व्याजात आता खिडकीची खोली बसत नाही."

मी घरी येऊन पिशवी आदळली. "काय रे, हॉलमध्ये टाकतोस तिला?"

"तूर्तास," तो म्हणाला. "ठेवीचं व्याज कमी झालंय."

"कमी कसं होईल? दर उतरायच्या आधी गाठ मारून घ्या, असं तूच लिहिलंस ना?"

तो वर्तमानपत्राची घडी घालत राहिला. दुसऱ्या दिवशी ठेवीची मुदत संपत होती. मी म्हटलं, मी येणार बँकेत. तो नको म्हणाला नाही. त्याला नको म्हणायचाही कंटाळा.

काउंटरवरच्या बाई त्याला ओळखत होत्या. "या साहेब. तुमचं वाचून आम्ही सगळ्यांनी पाच वर्षांची केली, बरं का! माझ्या सासऱ्यांची पण." मग स्क्रीनकडे बघून त्यांचा चेहरा पडला. "तुमचा दर आजपासून आणखी उतरलाय. पाच वर्षांचा अजून बरा आहे. म्हणजे गेल्या वर्षीइतका नाही, पण बरा आहे. सोमवारपासून तोही उतरेल. काय करू?"

"तीन महिने," भाऊ म्हणाला. "नेहमीसारखं."

माझं डोकंच फिरलं. आजूबाजूला रांग होती, पण मी कुणाची भीड धरणारी बाई नव्हे. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! अरे, सगळ्या गावाची गाठ मारून दिलीस आणि स्वतःच्या बायकोची मोकळी ठेवलीस? का?"

"मधेच मोडावी लागली तर दंड पडतो, ताई."

"किती असा मोठा दंड?"

बाई हळूच म्हणाल्या, "थोडासाच असतो हो. वर्षभरात व्याज जितकं बुडलं, त्याच्या पासंगालाही नाही पुरणार."

जो माणूस झोपेतही असले हिशेब करतो, त्याने हा एक कधी केला नव्हता. मी त्याच्याकडे बघत राहिले. "आणि मधेच मोडायची वेळ कशाला येईल रे?"

तो काचेवर ठेवलेल्या स्वतःच्या हाताकडे बघत होता. वाचून दाखवताना लागतो तसाच सपाट आवाज. "डॉक्टर तीन महिने म्हणाले होते. म्हणून पहिल्यांदा तीन महिन्यांची केली. ती संपली तेव्हा वाटलं, आता फार तर आणखी तीन महिने. मग पुन्हा तेच. दर वेळी इथे येऊन मी सही करतो, ताई, की पुढच्या खेपेला ती नसणार."

बाईंचे हात कीबोर्डवर थांबले. रांगेतलं कुणीतरी खोकलं.  हॉस्पिटलात त्याने मान डोलावली, ती अजून डोलतच होती.

"साहेब," बाई म्हणाल्या, "किती टाकू?"

त्याने काचेवरचा हात उचलला. मग म्हणाला, "पाच वर्षं."

त्या दराने खिडकीची खोली जेमतेम बसत होती. थोडी तूट होती. मी म्हटलं, माझ्या पेन्शनीतून घाल, मटार कमी आणू. गेल्या वर्षीच केली असती तर ऐटीत बसली असती, पण ते आता बोलून काय उपयोग.

त्या रविवारी तो जाताना नव्या 'पुढचा अंदाज'चे कागद घेऊन निघाला. मला वाचून दाखवले नव्हते. मीही मागोमाग गेले. त्याने खुर्ची ओढून तिच्या पलंगाशी घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. कुठल्या देशाचे दर किती उतरले, पुढे काय दिसतंय, सगळं. बाहेर मैदानात पोरं ओरडत होती, तिची मान तिकडे, बोटं चादरीवर. शेवटचं पान संपलं.

"कळलं का?" त्याने विचारलं.

ती खिडकीबाहेर बघत होती. तो थांबला. तिला टाचण्या काढायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा थांबला. मग वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "आपलं पाच वर्षांचं केलंय."

आणि एवढा मोठा माणूस, तिच्या चादरीत तोंड घालून ढसाढसा रडला.