सहदेव साउंडचं न दिसणारं काम

आमच्या डोंबिवलीत सहदेव गुरवचं दुकान कुठे आहे, हे कुणाला विचारावं लागत नाही. ऐकत जायचं. टेम्पो, रिक्षा आणि वरातीच्या गाड्यांना स्पीकर बसवण्यात त्याची हयात गेली. त्याने सजवलेली गाडी शेजारच्या दिवा गावातून जाऊ लागली की लोक खिडक्या लावून घेतात, आणि सहदेव ती दाद समजतो. काम संपलं की तो नारळ फोडतो आणि गाडीवर आपला स्टिकर चिकटवतो. लाल अक्षरांत ‘सहदेव साउंड’, खाली मोबाइल नंबर. स्टिकर न लावता गाडी सोडणं म्हणजे बारसं न करता पोर घरी पाठवणं, असं त्याचं मत.

अशा माणसाला माजिवड्याच्या दिपेश भोईर यांनी अगदी गुपचूप करायचं काम दिलं.

दिपेशशेठकडे सत्तर वर्षांची, उघड्या टपाची परदेशी मोटार आहे. ठाण्यात जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरतं, तिथे कारखान्यातून निघाली तशीच राखलेल्या गाडीला ढाल मिळते. मागच्या वर्षी ती शेठच्या मेहुण्याने नेली. तेव्हापासून शेठ सासुरवाडीला जेवलेले नाहीत. यंदा त्यांना ढाल हवी होती, आणि त्याच गाडीत मोबाइलवरची गाणीही हवी होती. इतिहास जपावा, पण तो मुका कशाला असावा, अशी त्यांची भूमिका.

नवं काही दिसता कामा नये, एक भोक पडता कामा नये, अशी अट. ढाल मिळाली तर शेठच्या जुन्या मोटारवाल्यांच्या मंडळातल्या सगळ्या मोटारींचं काम सहदेवला. सहदेव हरखला. त्याची बायको विनिता त्याला चारचौघांत ‘आमचे गोंगाटवाले’ म्हणते. आपल्याला एकदा तरी कुणी कारागीर म्हणावं, एवढीच त्याची हौस होती.

त्याने जीव ओतला. स्पीकर सीटखाली पट्ट्यांनी बांधून त्यांच्यावर गाडीतल्यासारखाच गालिचा चढवला. अ‍ॅम्प्लिफायर डिकीतल्या जुन्या हत्यारपेटीच्या तळाशी दडवला. बंद पडलेला मूळ रेडिओ डॅशबोर्डवर तसाच ठेवला.

प्रदर्शनाच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून गाडीमागे उभा राहिला. परीक्षक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी बॅटरी मारून सीटखाली पाहिलं, हत्यारपेटीही उघडून पाहिली आणि समाधानाने मान डोलावली. शेठनी मेहुण्याकडे पाहून मिशीवरून हात फिरवला. शेवटी परीक्षकांनी सहज डॅशबोर्डचा कप्पा उघडला.

झाकणाच्या आत लाल स्टिकर होता. परीक्षकांनी खिशातून मोबाइल काढून शांतपणे त्यावरचा नंबर लावला. मागे सहदेवचा फोन वाजला आणि त्याने सवयीने उचललाही.

शेठ दबक्या आवाजात म्हणाले, “अरे, काही दिसायला नको म्हणून सांगितलेलं ना तुला?”

“काम कुठे दिसलं, शेठ? नाव दिसलं.”

परीक्षकांनी पुन्हा सगळी गाडी धुंडाळली. स्पीकर काही सापडेनात. अखेर सहदेवनेच गालिचा उचलून दाखवला, तोही अभिमानाने.

“कारागीर आहात,” परीक्षक म्हणाले. “गाडी बाद.”

ढाल पुन्हा मेहुण्याकडे गेली. मंडळातली एकही मोटार सहदेवकडे आली नाही. तो परत टेम्पोंकडे वळला आहे, फक्त स्टिकर नवे छापून घेतलेत. दुकानाच्या नावाखाली आता ‘कारागीर’ असं लिहिलेलं असतं, आणि ते लांबूनही वाचता येतं.