पोटुश्यांची सुईण

मोबाइलची बॅटरी म्हातारी झाली की कधीकधी तिच्या पोटात वायू धरतो आणि ती फुगते. शहाणी माणसं तिला काय म्हणतात ते शहाण्यांना ठाऊक. विजेच्या जुन्या सामानाच्या त्या केंद्रात तिला सगळे पोटुशी म्हणत, आणि पोटुशी ओळखून तिला अलगद वाळूच्या पिंपात निजवणारी जी बाई, ती सुईण. हे नाव इतकं चिकटलं होतं की हजेरीला खरं नाव पुकारलं तर बाई स्वतःच इकडेतिकडे बघायची.

माल दारातून आत आला की पहिलं टेबल तिचं. मोबाइल, टॅब्लेट, बोलणारी बाहुली, जे असेल ते ती हातात घ्यायची, उजवा हातमोजा काढून पाठीवरून बोटं फिरवायची आणि निकाल द्यायची. फुगलेलं असेल तर थेट वाळूत, त्याला कुठलंही हत्यार लावायचं नाही. सपाट असेल तर पुढे. त्यातलं जे थोड्या डागडुजीने पुन्हा चालेल ते टेम्पोत भरून शहराच्या दुसऱ्या टोकाला दुरुस्तीकडे जायचं. उरलेलं पुढच्या टेबलावर तिच्या सुनेकडे, उघडायला. सून बॅटऱ्या वेगळ्या करायची. जीव शिल्लक असलेल्या बॅटऱ्यांचे दिवे व्हायचे, मेलेल्या पेटीत बंद होऊन कारखान्यात जायच्या आणि तिथे त्यांच्यातला धातू परत मिळायचा. तांब्याची वाट वेगळी, काचेची वेगळी. कचरा म्हणून काही उरूच द्यायचं नाही असा त्या जागेचा हट्टच होता.

आणि हा सगळा डोलारा उभा होता सुईणीच्या चार बोटांवर. सुनेची कड उचकटायची पट्टी चुकून फुगलेल्या बॅटरीत घुसली, तर बॅटरी आधी फुसफुसते, मग पेटते, आणि एकदा पेटली की कुणाचं ऐकत नाही. सुईणीने सपाट म्हटलं म्हणून सून बिनघोर पट्टी घालायची. सुईणीने सपाट म्हटलं म्हणून तिचा मुलगा तोच माल टेम्पोत कोंबून भर उन्हात गाडी हाकायचा. म्हणजे घरची दोन्ही माणसं तिच्या शब्दावर होती, आणि ती मात्र काही आठवड्यांपासून खोटं बोलत होती.

तिच्या बोटांना कळेनासं झालं होतं.

एका दिवसात झालं नाही ते. केंद्र निघण्याआधी हेच काम गल्लीतल्या प्रत्येक घरात चालायचं. सुईण आणि तिचा नवरा गच्चीवर बसून तेजाबाच्या टबात सर्किटं बुडवायचे, उघड्या हातांनी ढवळायचे, शेगडीवर पत्रे तापवून त्यावरचे सुटे भाग उचकटायचे. नवरा त्या धुराने खोकून खोकून गेला. ती उरली, आणि केंद्रात पहिल्या दिवशी पंखे, मोजे, चष्मे बघून म्हणाली, "हे आधी आलं असतं तर माझा संसार अर्ध्यावर मोडला नसता." ते खरं होतं. पण तेजाबाने बोटांत जे करून ठेवलं होतं ते पंख्याने कसं जाणार? आधी शेंडे बधिर झाले, मग पेरं. शर्टाचं बटण लावायलाही बघावं लागू लागलं.

सांगायला हवं होतं. शेंबड्या पोरालाही कळेल एवढी साधी गोष्ट. पण बाई हट्टी. सांगितलं की सुपरवायझर गोड बोलून झाडूच्या कामाला लावणार किंवा घरी बसवणार, हे तिने मनाशी धरून ठेवलं होतं. घरी बसून करायचं काय? सुनेने केलेल्या भाजीत मीठ कमी आहे का ते सांगायचं? म्हणून तिने पळवाट काढली. हातातली वस्तू ती हळूच गालाला लावायची. गालाला अजून कळत होतं. लोकांना वाटलं, बाई आणखी पुढच्या पायरीवर पोचली. "आता सुईण बॅटरीशी कानगोष्टी करते," असं कुणीतरी म्हणालं, सगळे हसले, आणि तीही हसली.

गालाच्या कामाला वेळ लागतो. रोजच्या मालाला तो मिळायचा. त्या दिवशी मिळाला नाही.

एक मोठं ऑफिस बंद झालं होतं आणि त्यांचे टॅब्लेट खोक्यांच्या थप्प्याच्या थप्प्या करून सकाळीच येऊन पडले. दुसरा माल दुपारी यायचा होता, जागा रिकामी करणं भाग होतं. सुपरवायझर स्वभावाने मऊ माणूस, पण त्या दिवशी त्याचाही आवाज चढला होता. "मावशी, जरा हात उचला." हात उचलायचा म्हणजे गाल सोडायचा. सुईणीने सोडला. बोटं नुसती फिरवल्यासारखी केली आणि एकेक टॅब्लेट पुढे सरकवत गेली. सगळे एका वयाचे, एका घरचे, दिसायला तरी बरे आहेत, अशी मनाची समजूत घातली. पहिली खोकी मुलगा टेम्पोत भरून घेऊन गेला. निघताना आईला म्हणाला, "आज तुझा हात मशीनसारखा चाललाय." तिने पुढचा टॅब्लेट सरकवला.

मधूनच तिने मान वर केली ती पाठ अवघडली म्हणून. समोर सून स्टुलावर बसून एका टॅब्लेटची कड गरम हवेने सैल करत होती. डिंक हट्टी होता, म्हणून तिने प्लॅस्टिकची पट्टी टाकून स्टीलची घेतली. सपाट मालाला ती चालते. आणि तेवढ्यात सुईणीला दिसलं की टॅब्लेटची काच एका बाजूने उचललेली आहे आणि फटीतून सुनेच्या मागच्या दिव्याचा उजेड येतोय. टॅब्लेट टेबलावर बसला नव्हता, डुलत होता. पोटुशी, आणि चांगली भरलेली.

सुनेने त्याच वेळी घाम पुसायला मान वर केली. दोघींची नजर भिडली.

आता ओरडायचं होतं. एका शब्दाचं काम होतं. पण सुईणीचं तोंड उघडलं नाही. एक श्वास गेला, आणि त्या श्वासात तिच्या मनात सून नव्हती. टेबल होतं, नाव होतं, हजार हातांतून गेलेल्या मालावर तिने दिलेला शब्द होता. पट्टी गेलीच नाही आत तर? गेली आणि लागलीच नाही तर? इतकं नीच ती आयुष्यात कधी वागली नव्हती. सुनेने मान खाली घातली आणि पट्टी आत रेटली.

"हलवू नकोस," सुईण म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण हॉलमधली सगळी कामं थांबली.

सून जागच्या जागी गोठली. फुसफुस ऐकू यायला लागली होती. सडायला आलेल्या फळाचा असावा तसा गोडसर वास सुटला. तो वास तिथल्या सगळ्यांना ओळखीचा होता, आणि सगळे एकेक पाऊल मागे सरले.

"पट्टी ओढू?" सुनेने ओठ न हलवता विचारलं.

"ओढू नकोस. आहे तशी राहू दे. हात काढ आणि बाजूला हो, मी नेते."

"आई, मोजा घाला."

मोजा घालायला वेळ नव्हता. सुईणीने टॅब्लेट दोन्ही हातांत घेतला, पट्टी तशीच वर उभी, आणि पिंपाकडे निघाली. पिंप दाराजवळ होतं. धावायची सोय नव्हती, हिसका बसला असता तर हातातच पेटला असता. सून पुढे होऊन स्टुलं, खोकी पायाने बाजूला सारत होती. टॅब्लेटच्या कडेतून पांढरा धूर येऊ लागला, मागचा पत्रा तापू लागला. सुपरवायझर भिंतीला चिकटून उभा होता, त्याची पाचावर धारण बसली होती. सुईणीच्या चेहऱ्यावर मात्र एक रेघ हलत नव्हती. पाळण्यातलं पोर उचलून न्यावं तशी ती चालत होती.

वाटेतून एक खोकं सारून सून मागे वळली आणि तिला सासूचा उजवा हात दिसला. बोटांची कातडी पांढरी पडून पत्र्याला चिकटत होती. आणि सासूला त्याचा पत्ताच नव्हता.

टॅब्लेट वाळूत गेला. वाळूखाली जाळ झाला, वर दोन बादल्या आणखी ओतल्या, मग नुसता धूर राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुपरवायझर भिंत सोडून पुढे आला, त्याचे डोळे पाणावले होते. "मावशी, आज तुम्ही होता म्हणून. दुसऱ्या कुणाची छाती झाली नसती." सून सासूचं मनगट धरून तिला आतल्या नळावर घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं.

"दुखतंय?"

"भाजल्यावर दुखणारच की."

सुनेने तिच्या बोटावरचा फोड नखाने दाबला, चांगला जोर लावून. सुईण नळाच्या धारेकडे बघत होती.

"आत्ता मी काय केलं, आई?"

सुईणीने हाताकडे बघितलं, पण उशीर झाला होता.

"कधीपासून?"

"झाले काही आठवडे."

"म्हणून ते गालाला लावणं."

"गालाला कळतं अजून."

"आज तर गालालाही लावत नव्हतात." सुनेचा आवाज खाली आला होता आणि त्यानेच सुईणीला धडकी भरली. आरडाओरडा केला असता तर परवडला असता. "आणि मघाशी तुम्ही मला बघितलंत. त्या टॅब्लेटलाही बघितलंत. तरी लगेच बोलला नाहीत. माझ्या लक्षात आलंय ते."

नाही म्हणता आलं असतं. एका श्वासाचा हिशोब कोण मागणार होतं?

"हो," सुईण म्हणाली. "नाही बोलले."

सुनेने नळ बंद केला. बाहेर अजून कुणीतरी सुईणीच्या हिमतीच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगत होतं. "मी कुणाला सांगणार नाही," सून म्हणाली. "सांगायचं तर तुम्ही सांगा. मला एवढंच सांगा, सकाळचा टेम्पोतला माल तुम्ही कशाने बघितलात?"

तो बंद टेम्पो, वरून ऊन, खोक्यावर खोकं, आणि पुढे एकटा तिचा मुलगा. सुईण ओल्या हातानेच दार ढकलून बाहेर गेली.

"ऐका," ती म्हणाली, आणि टाळ्या वाजवणारे हसत तिच्याकडे वळले. "मी कसली शूर नाही. मला भाजलेलं कळलंच नाही. माझी बोटं मेलीत. सकाळपासून मी एकही नग तपासलेला नाही, नुसते हात फिरवले. जे मी सपाट म्हणून दिलं त्यातलं काहीच सपाट धरू नका. आणि टेम्पो थांबवा."

काल तिच्याबरोबर हसणारी माणसं तिच्या हाताकडे बघत राहिली. सुपरवायझरने आधी फोन काढला, रागवायचं नंतरसाठी ठेवलं, हे त्याचं चांगलं. घंटी वाजत राहिली. मुलगा गाडी चालवताना फोन घेत नसे, आईनेच लावलेलं वळण. सुनेने स्वतःच्या फोनवरून स्पीकर लावून लावला. पुन्हा लावला. सुईण भिंतीला टेकून खाली बसली आणि घंटी ऐकत राहिली.

"हं, बोल," एकदाचा आवाज आला. "पंपावर आहे, डिझेल भरतोय."

सुनेने डोळे मिटले. "अहो, नीट ऐका. नळी काढा आणि गाडी पंपाबाहेर घ्या. पुढे मोकळं मैदान आहे तिथे लावा, मागचं दार उघडा आणि लांब जाऊन उभे राहा."

"काय झालंय काय?"

"आधी गाडी काढा."

फोन तसाच चालू होता. इंजिनाचा आवाज, हॉर्न, मग खडीवर चाकं. मग दाराचा खडखडाट. मग बराच वेळ काहीच नाही. "उभा आहे लांब," तो म्हणाला तेव्हा सुईणीने पहिल्यांदा श्वास सोडला.

वाळूच्या बादल्या घेऊन तिघं केंद्राच्या गाडीने मैदानावर पोचले. सुनेने खोकं उपडं घालून त्यावर एक काच ठेवली. एकेक टॅब्लेट काचेवर ठेवायचा आणि कोपऱ्यावर बोट टेकवायचं. सपाट असेल तर गप्प बसेल, फुगलेला असेल तर डुलेल. इतकं सोपं काम. सुपरवायझर खोकी उतरवत होता, सून तपासत होती, आणि सुईणीकडे बादली होती.

"पोटुशी," सून म्हणाली. सुईणीने बादली पुढे केली. थोड्या वेळाने पुन्हा, "पोटुशी." शांत, सपाट आवाज. टोमणा नव्हता त्यात, आणि म्हणूनच प्रत्येक वेळी ते सुईणीच्या वर्मी बसत होतं. तिसरी निघाली ती सगळ्यात खालच्या खोक्यात, दाबून बसलेली, हाताला गरम. ती वाळूत जाताना मुलगा जवळ येऊन बघत होता. पंपावरची नळी त्याच्या डोळ्यांसमोर आली असावी, कारण त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"आई, आधी का नाही सांगितलंस?"

"सगळे सुईण म्हणायचे रे," ती म्हणाली. रडू येत होतं आणि ते तिने लपवलं नाही. "ते गेलं असतं तर मी कोण राहिले असते?"

सुनेने पुढचा टॅब्लेट काचेवर ठेवला, कोपऱ्यावर बोट टेकवलं.

"माझी सासू राहिला असतात," ती मान वर न करता म्हणाली. "मला तेवढ्यात भागलं असतं."

टॅब्लेट डुलला नाही. तिने तो उचलून सपाट मालात ठेवला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. सुईणीने बादली खाली ठेवली आणि गाडीत फडकं गुंडाळून घेतलेल्या भाजक्या हाताने तिला पुढचा दिला.