आत्याच्या पेवातला लाजर

मंडळी, आज येरमाळ्यात मोठ्या आत्याला बायबल वाचून दाखवत होते. मेलेल्या लाजराच्या थडग्यावरचा धोंडा येशू लोकांना बाजूला करायला सांगतो आणि हाक मारून त्याला जिवंत बाहेर बोलावतो, ती गोष्ट. दार आपटत होतं म्हणून कडी लावली, तशी आत्या ओरडली, "उघड आधी!"

निजामाच्या काळात रझाकार आले की हिच्या घरची माणसं जमिनीखालच्या धान्याच्या रिकाम्या पेवात उतरायची. शेजारी वरून धोंडा सरकवायचे. आत अंधारात तिचे वडील, आबा, हीच गोष्ट तोंडपाठ कुजबुजायचे.

मी दार उघडलं. म्हटलं, "आत्या, बायबलातली शुभवर्तमानंही आधी तोंडीच फिरली, मग लिहिली."

"व्हय? मग लिहिताना एक राह्यलं. आबा सांगायचे, लाजर आतनं धोंडा ढकलत हुता."

लिहिणाऱ्यांपैकी कुणी कधी पेवात बसलं असेल का हो?