मायचं भरलेलं अंग

माझी माय जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचत आली. अंगावर मांस असं नव्हतंच. एकोणीसशे पंच्याऐंशीच्या आसपास मला मंचेरियल शहरात मास्तरकी लागली, तेव्हा बाजारहत्नूरकडच्या आमच्या गावातून मी तिला घेऊन आलो आणि ठरवलं, हिला आता जाड करायचं. सुखाची दुसरी खूण मला माहीत नव्हती.

घरात ज्वारी बंद केली. ज्वारी म्हणजे गरिबी, असा माझा समज. ती भाकरी मागायची, मी भात वाढायचो. वर दूध-साखर, चहासोबत बिस्किटं, संध्याकाळी पेढे. महिन्यातून एकदा तिला स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्रावर उभी करायचो आणि पडलेलं तिकीट शाळेत दाखवायचो. आज सांगतानाही लाज वाटते. गावाहून कोणी आलं की म्हणायचं, ‘मास्तरनं मायचं सोनं केलं.’ मी फुगायचो.

मग ती एकाच बाजूनं चावू लागली. पुढे चावणंच सोडलं, भात नुसता गिळायची. मी म्हटलं, वय झालं. तिच्या उशीवर लाल डाग दिसले, तेव्हा पानाचा रंग असेल म्हणून विषय संपवला. माय पान खात नव्हती, हे मला ठाऊक होतं.

शेवटी गाल सुजला तेव्हा दाताच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं हिरडी नुसती दाबली तर पू आला. रक्त तपासलं, साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाला, इतकं वजन, त्यात साखर, अशा अंगात हिरडीची जखम भरत नाही. आणि हिरड्या अशा राहिल्या की साखरही आटोक्यात येत नाही. वजन उतरवा. पुढचे चार दात हलत होते, ते काढावे लागले.

घरी आल्यावर स्वतःवरचा राग मी तिच्यावरच काढला. ‘काऊन सांगितलं नाही?’

‘तू एवढ्या हौसेनं आणत होता,’ ती म्हणाली. ‘नाही म्हनलं असतं तं तुले वाईट वाटलं असतं.’

पुढचं वर्षभर मी शहाण्यासारखा वागलो. गोड बंद केलं, वरणात कुस्करलेली भाकरी आणि रोजचं चालणं सुरू केलं. वजन उतरलं, रक्त यायचं थांबलं. माय पुन्हा चावून जेवू लागली.

अशात गावाकडे भाचीचं लग्न निघालं. मायच्या गळ्याची हाडं पुन्हा दिसायला लागली होती. पंगतीत मावशीनं सगळ्यांदेखत विचारलं, ‘काऊन रे बापू, मायले उपाशी ठेवून राह्यला काय?’ लोक हसले.

डॉक्टरचं बोलणं मला तोंडपाठ होतं. त्यातलं एक वाक्य सांगितलं असतं तरी भागलं असतं. मी उठलो, वाढप्याच्या हातातलं ताट घेतलं आणि मायच्या पानात दोन जिलब्या वाढल्या. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही खाल्ल्या.