साहेबांच्या हस्ते

तांदळे सरांना पाहुण्याशिवाय काही सुरूच करता येत नसे. आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात नळ बदलला, तर त्याच्याही उद्घाटनाला त्यांनी पुढारी आणला. पुढाऱ्याने नळ सोडला; पाणी आलेच नाही. "पाण्याचं काय बे, उद्या येईल. मान येळेवर झाला पायजे," असे ते मला म्हणाले. मी त्यांच्याच हाताखाली शिकवत होतो. इतका पोकळ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

राग याचा येतो की माणसाला काम येत होते. पक्ष्यांच्या पायात नंबराची कडी घालायचे शिक्षण ते रीतसर घेऊन आले होते. जाळ्यातून पाखरू सोडवताना त्यांची जाड बोटे एक पीस मोडू देत नसत. मुलांना बजावत, "पाखरू पिशवीत लई येळ ठिवायचं न्हाई. कडी घाला, सोडा. त्याचा जीव केवढा!" वाक्य पाठ होते, बस्स.

एका हिवाळ्यात बीडजवळच्या पालीला, धरणाकाठच्या बाभळींत काश्मिरी माशीमार दिसला. चिमणीहून लहान, छाती नारिंगी. हा थंडीत पार निलगिरीला, श्रीलंकेला जातो. बीडच्या वाटेला तो जात नाही. त्याला कडी घातली असती आणि पुढच्या थंडीत तोच पुन्हा इथे सापडला असता, तर तो वाट चुकलेला नाही, मुक्कामालाच येतो, हे कळले असते. मी त्या आशेने नाचत होतो. सरांनी मांडव घातला, नळ सोडणाऱ्या त्याच पुढाऱ्याला बोलावले आणि पत्रिका छापल्या: कडी साहेबांच्या हस्ते.

कार्यक्रमाच्या सकाळी माशीमार जाळ्यात आला. सरांनी त्याला कापडी पिशवीत घातले आणि पिशवी स्वतःच्या गळ्यात अडकवली. साहेबांचा पत्ता नव्हता.

"सर, कडी घालून सोडा याला. साहेबांसाठी दुसरं पाखरू धरू."

"साहेबांच्या हातात चिमणी देऊ का? पत्रिकेत माशीमार छापलाय बे!"

ऊन चढले. पिशवीची हालचाल मंदावली. मी पुन्हा विनवले, "सर, मरेल तो."

"साहेब तेलगावहून निघालेत. आता सोडलं तर तोंड कुठं दाखवू मी?"

साहेब आले. फेटा झाला, हार झाले. मग सरांनी प्रास्ताविक केले आणि गळ्यात पिशवी असताना पाखराच्या जिवाचे ते वाक्यही म्हणून दाखवले. निर्लज्जपणाला काही सीमा?

पिशवी उघडली तेव्हा माशीमाराची मान लुळी पडली होती. सरांनी ती दोन बोटांत सरळ धरली आणि साहेबांकडून कडी घालून घेतली.

"हे हालत कावून न्हाई?" साहेबांनी विचारले.

"तुमच्या हातात निवांत झालंय, साहेब."

फोटो निघाला. "आता त्याला बाभळीत सोडून येतो," असे माईकवर सांगून सर मांडवामागे आले आणि ते गार पाखरू माझ्या तळहातावर ठेवले. "पुरून टाक बे. आन् आभार कोण मानतंय, बघ जरा." मी बाभळीखाली माती उकरली. मला रडू आले, आणि त्या माणसाची किळस आली.

सर निवृत्त झाले तेव्हा मंचावर तोच फोटो मोठा करून लावला होता, खाली 'पक्षिमित्र' असे लिहून. मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी माईकसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "या फोटोतलं पाखरू मेलेलं आहे. सरांनी मारलं."

एवढे बोलून मी खाली बसलो. सवयीप्रमाणे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी उठून हात जोडले.